प्रतिसाद: अंजनेरी की गंगापूर धरण?
वर विचारलंय की नाशिकहून पावसाळ्यात एमटीबी (डोंगरी सायकल) घेऊन अंजनेरीच्या डोंगरावर जावं की गंगापूर धरणाच्या बाजूला. माझ्या मते धरणाचीच बाजू. अंजनेरी पायी करा. तो गिधाडांसाठी राखीव भाग आहे, आणि पायऱ्यांवर सायकल खांद्याला मारून चढण्यात कसली आलीय मजा!

गंगापूर रोडने गिरणाऱ्याकडे निघालात की द्राक्षबागांमधून कच्चे रस्ते फुटतात. फक्त जोराचा पाऊस झाला असेल तर दोन दिवस थांबा. गेल्या श्रावणात मी थांबलो नाही. काळी माती अशी चिकटली की टायर आणि फोर्कमधली (चाक धरणाऱ्या दांड्यांमधली) फट बुजली, चाक फिरेचना. काडीने खरवडण्यात अर्धा तास गेला. बांधावरच्या आजी म्हणाल्या, "बाबा, हिला बैल जुंप."

मुरमाड उतारावर टायरमध्ये हवा जरा कमी ठेवा, पकड चांगली मिळते. मला ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते. ट्यूबलेस नसेल तर दोन ट्यूब जवळ हव्यातच, बाभळीचा काटा कोणाला सोडत नाही. आणि बागेचं फाटक लावलेलं दिसलं तर मुकाट मागे वळा. द्राक्षवेलींच्या ऑक्टोबर छाटणीनंतर तर आत फवारणीच चालू असते.