अनुभव धागा: प्रोजेक्टमधली रिस्क नोंदवता कशी, आणि ती वर पोचते का?

धागाकर्ती (पुणे, पीएमओ म्हणजे प्रोजेक्टांवर देखरेख ठेवणारा विभाग)

रिस्क रजिस्टर, म्हणजे प्रोजेक्टमधल्या संभाव्य धोक्यांची यादी, भरणं हे आपल्यापैकी बऱ्याच जणांचं दर आठवड्याचं काम. कोणी जिरात (कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) भरतं, कोणी प्राइमाव्हेरात (वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर), कोणी अजून एक्सेलमध्येच. भरलेलं पुढे कोण वाचतं आणि वाचून काय करतं, हे मात्र कंपनीगणिक बदलतं. माझं मत सांगते: टूल कुठलंही असो, वाईट बातमी आधी सांगणाऱ्याला त्याचा त्रास होत असेल, तर रजिस्टरमध्ये खरं काही येत नाही. तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. कोणती रिस्क वेळेत वर गेली, कोणती वाटेतच विरली? कंपनीचं किंवा क्लायंटचं नाव नको. आणि येऊन बसलेली अडचण म्हणजे इश्यू, अजून यायची आहे ती रिस्क, एवढा फरक सांभाळा.

पुणे, बँकिंग सॉफ्टवेअर

जिरात बग, स्टोरी, टास्क आयते मिळतात. रिस्क हा प्रकार आम्ही ॲडमिनकडून वेगळा बनवून घेतला. शक्यता, परिणाम, ओनर (जबाबदार माणूस), पुढची तपासणी कधी, हे रकाने सगळेच ठेवतात. मी हट्टाने आणखी एक घालून घेतला: ‘कशावरून कळेल’.

एका प्रोजेक्टमध्ये ‘टेस्ट एन्व्हायर्नमेंट उशिरा मिळू शकेल’ अशी ओळ कित्येक महिने पिवळी पडून होती. ओनरच्या जागी ‘इन्फ्रा टीम’. अशा ओळीवर कोण काय करणार? आम्ही ती पुन्हा लिहिली: ‘पेमेंट स्विचचं (व्यवहार बँकांमध्ये पोचवणारी यंत्रणा) सर्टिफिकेट दुसऱ्या व्हेंडरकडून येतं. ते यूएटीच्या (वापरकर्त्यांकडून होणारी अंतिम चाचणी) दोन आठवडे आधी आलं नाही, तर यूपीआयचे टेस्ट केस चालणार नाहीत आणि गो-लाइव्ह (प्रत्यक्ष वापर सुरू होणं) महिनाअखेरच्या फ्रीझमध्ये, म्हणजे बदलबंदीत, अडकेल.’ ओनर म्हणून एकाच माणसाचं नाव टाकलं. त्याच दिवशी व्हेंडरला फोन गेला. तोपर्यंत त्या सर्टिफिकेटची मागणीच कोणी नोंदवलेली नव्हती!

डॅशबोर्डवर एक फिल्टरही लावलाय. १४ दिवसांत ज्या रिस्कला कोणी हात लावला नाही, ती आपोआप सगळ्यात वर येते.

रत्नागिरी, पूल आणि रस्ते

आमच्याकडे पाऊस ही रिस्क नाही, ते कॅलेंडर आहे. प्राइमाव्हेरात जून ते सप्टेंबर नदीपात्रातली कामं बंदच दाखवतो. रिस्क वेगळी: पाया पुराच्या पातळीच्या वर यायच्या आत पाऊस आला तर? मग नुसते चार महिने जात नाहीत. पात्रातला कच्चा रस्ता आणि भराव वाहून जातो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी ओसरल्यावर तो नव्याने घालावा लागतो, आणि तोवर क्रेन दुसऱ्या साइटवर गेलेली असते.

ही रिस्क मे महिन्यात लिहून उपयोग नाही. तिची मुळं जानेवारीतच दिसतात. विजेची उच्चदाब वाहिनी हलली का, मोबदला वाटप कुठवर आलं, झाडं तोडायची परवानगी मिळाली का? प्राइमाव्हेरात रिस्क थेट ॲक्टिव्हिटीला जोडता येते, ती जोडाच. वाहिनी हलायला तीन आठवडे उशीर धरला की पायाचं काम जूनमध्ये घुसताना स्क्रीनवर दिसतं. साहेबांना पानभर रिपोर्ट देण्यापेक्षा वेळापत्रकातली ती एक पट्टी (बार) दाखवावी.

नव्या मुलांना एक कळकळीने सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये लाल रंग दिला म्हणजे कळवलं असं होत नाही. फिडिक या आंतरराष्ट्रीय अभियंता-सल्लागार महासंघाच्या १९९९च्या रेड बुकात, म्हणजे बांधकाम कराराच्या नमुन्यात, कलम २०.१ आहे. त्यानुसार कंत्राटदाराने, घटना कळल्यापासून २८ दिवसांच्या आत क्लेमची नोटीस द्यायची असते. ती हुकली तर मुदतवाढ आणि जादा पैसे दोन्हींवरचा हक्क जातो. म्हणून आमच्या रजिस्टरमध्ये ‘पत्र क्रमांक व दिनांक’ असा रकाना आहे. तो रिकामा असेल तर ती नोंद मी अपुरी धरतो.

चाकण, ऑटो पार्ट्स

गुणाकाराबद्दल बोलायलाच हवं. एफएमईएमध्ये, म्हणजे बिघाड कुठे आणि कसा होईल याच्या आगाऊ विश्लेषणात, आम्ही वर्षानुवर्षं गांभीर्य, वारंवारता आणि पकडता येण्याची अडचण, तिन्हींना दहापैकी गुण देऊन गुणत आलो. आता बघा: ब्रेकच्या भागात दोष, गांभीर्य १०, बाकी दोन्ही २, गुणाकार ४०. रंगाचा डाग, गांभीर्य ४, बाकी दोन्ही ५, गुणाकार १००. यादी उतरत्या क्रमाने लावली की डाग वर आणि ब्रेक खाली. माणूस कशाने मरेल हे त्या यादीत दिसतच नाही. २०१९ला एआयएजी (अमेरिकी) आणि व्हीडीए (जर्मन) या वाहनउद्योगाच्या संघटनांचं एकत्रित हँडबुक आलं, त्यात हा गुणाकार काढून कृतीचा अग्रक्रम आणला: उच्च, मध्यम, कमी. त्यात गांभीर्याला सगळ्यात जास्त वजन आहे. आयटीवाल्यांच्या पाच बाय पाचच्या तक्त्यातही (शक्यता आणि परिणाम, दोन्हींना पाचपैकी गुण देऊन गुणाकार) हीच खोट आहे. क्वचित होणारं पण सगळं बुडवणारं, आणि रोज होणारं पण किरकोळ, दोन्हींचे गुण ५च येतात. त्यामुळे परिणाम ५ असलेल्या रिस्क वेगळ्या काढून वाचा, बेरीज-गुणाकार नंतर.

न्यू जर्सी, विमा

आमच्याकडच्या दुखण्याला ‘कलिंगड रिपोर्ट’ म्हणतात: बाहेरून हिरवा, आतून लाल. टीम लीड लाल देतो, मॅनेजर ‘बघू, सावरेल’ म्हणून पिवळा करतो, स्टिअरिंग कमिटीपुढे (प्रोजेक्टचे निर्णय घेणारे वरिष्ठ) जाईपर्यंत हिरवा. यात खोटं असं कोणीच बोलत नाही. प्रत्येक जण थोडासा मऊ करतो. १९८६च्या चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या दुर्घटनेनंतर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाच्या अहवालाला परिशिष्ट जोडलं. त्यात यान गमावण्याची शक्यता इंजिनिअरांच्या लेखी साधारण शंभरात एक, आणि व्यवस्थापनाच्या लेखी लाखात एक, असं त्यांनी नोंदवलंय. यान तेच, आकड्यांत हजारपटीची तफावत.

आम्ही उपाय म्हणून दोन रकाने केले: टीमने दिलेला रंग आणि मॅनेजरने दिलेला रंग. दोन्ही कमिटीला शेजारी-शेजारी दिसतात. बदलायला हरकत नाही, फक्त कारण लिहायचं. पहिल्या काही बैठका फार अवघड गेल्या. आता कमिटी आधी फरक असलेल्या ओळीच उघडते, आणि टीम लीडला बैठकीत बोलावून त्याचं म्हणणं ऐकते.

ठाणे, बांधकाम व्यवसाय

आमचा कारभार छोटा. एक्सेल आणि व्हॉट्सॲप, बस. महारेराच्या (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) साइटवर दर तिमाहीला प्रगती भरावीच लागते, त्याच दिवशी रिस्कची शीटही बसून वाचतो. लिफ्टची डिलिव्हरी, फायर एनओसी (अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला), ओसी (भोगवटा प्रमाणपत्र). नव्वद टक्के काळजी या तिघांतच असते. मोठ्या टूलची गरज अजून तरी भासली नाही.

नागपूर, सरकारी कामांचं सॉफ्टवेअर

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ‘प्री-मॉर्टेम’ची पद्धत जरूर वापरा. प्रोजेक्ट सुरू होतानाच सगळ्यांना बसवायचं आणि सांगायचं, ‘वर्ष उलटलंय, प्रोजेक्ट पार फसलाय. का फसला ते लिहा.’ चिठ्ठीवर, नाव न घालता, आणि मराठीत. इंग्रजीत लिहा म्हटलं की निम्मी टीम गप्प बसते.

आमच्याकडे एका चिठ्ठीत होतं: ‘गावातल्या ऑफिसात दुपारी नेट जातं. फॉर्म अर्धा भरलेला असतो. सगळा पुसला जातो. बाई परत वहीत लिहायला लागतात.’ आर्किटेक्चरच्या डॉक्युमेंटमध्ये याचा मागमूस नव्हता. फॉर्म ऑफलाइन साठवायची सोय त्या एका चिठ्ठीमुळे पहिल्याच टप्प्यात आली.

धागाकर्ती

फार मोलाचं लिहिताय सगळे. रत्नागिरीच्या काकांना एक विचारायचंय: रिस्क बंद कधी करता? आमच्याकडे प्रोजेक्ट संपला की सगळ्या ओळी एका झटक्यात ‘क्लोज्ड’.

रत्नागिरी, पूल आणि रस्ते

काही रिस्क प्रोजेक्टबरोबर संपत नाहीत, ताई. कोकण रेल्वेचा गोव्यातल्या पेडण्याचा बोगदा घ्या. बांधताना तिथल्या मऊ चिकणमातीने जीव मेटाकुटीला आणला होता. मार्ग १९९८ला पूर्ण सुरू झाला. जुलै २०२४मध्ये त्याच बोगद्यात पाणी घुसलं आणि गाड्या थांबवाव्या लागल्या. आम्ही पाण्याची, मातीची, उताराची रिस्क बंद करत नाही. काम हस्तांतरित करताना ती देखभाल विभागाच्या रजिस्टरमध्ये उतरवून देतो, त्यांच्याकडच्या ओनरची सही घेतो, आणि पावसाळ्याआधीच्या तपासणीची तारीख तिथेच लिहून घेतो.