अजिंठा-वेरूळला एकच लेन्स न्यायची आहे, कोणती नेऊ?

तर्रीवाली, नागपूर

दिवाळीनंतर आम्ही गाडीनं लोणार, अजिंठा, वेरूळ करून राहिलो. मी, आमचे हे आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. समृद्धीनं निघायचं, मेहकरला उतरायचं. बाकी सगळं ठरलं, घोडं अडलंय माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेपाशी.

कॅमेरा कॅननचा २००डी. त्याच्यासोबत आलेली १८-५५, मग हौसेनं घेतलेली ५५-२५०, ५० ची एफ १.८ आणि वाइड १०-१८. (आकडे मिलिमीटरचे: लहान आकड्यात जास्त दृश्य मावतं, मोठ्यात लांबचं जवळ येतं. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त.) मागच्या वर्षी पचमढीला चारही नेल्या. धूपगडावर सूर्य बुडत होता आणि मी एका हातात सासूबाईंची काठी, दातांत लेन्सचं झाकण अशा अवस्थेत लेन्स बदलत होते. बसवेपर्यंत सूर्य गेला. घरी येऊन बघते तर त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत आकाशात उजवीकडे एक काळा ठिपका. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या भागावर, धूळ! ह्यांनी तेव्हाच सांगून टाकलं, "पुढच्या वेळी एकच लेन्स. नाहीतर तू आणि तुझी बॅग जा. मी आणि आई घरी पोहे खातो."

माझा जीव ५० वर आहे. लेण्यांत अंधार, फ्लॅश चालत नाही, तिपाई नेता येत नाही, मग एफ १.८ शिवाय कसं होणार? पण कैलासच्या अंगणात ती घेऊन उभी राहिले तर फोटोत हत्तीचा पायच येईल, अशी धास्तीही वाटते. नवीन लेन्स घ्या म्हणू नका. या महिन्यात फ्रीज घेतलाय.

महालकर

काहून एवढा विचार करून राहिल्या ताई? ५० न्या अन् मोकळ्या व्हा. झूम हाती असली की माणूस जागचा हलत नाही. मी पिवळ्या-काळ्या मारबतीच्या मिरवणुकीचे फोटो दरवर्षी ५० वरच काढतो. इतवारीत एवढी गर्दी असते की मागं सरकायला जागा नसते, तरी चेहरे असे येतात की विचारू नका.

कडेलोट

महालकर, चेहऱ्यांसाठी तुमचं बरोबर. लेण्यांसाठी नाही. मी अजिंठ्याला दोनदा गेलोय, पहिल्यांदा ५० घेऊनच, त्यामुळे हे अनुभवाचे बोल.

२००डीचा सेन्सर मोठ्या (फुल फ्रेम) कॅमेऱ्यांपेक्षा लहान, म्हणून लेन्सचा आकडा १.६ पट धरा. म्हणजे तुमची ५० वागते ८० सारखी. सव्विसाव्या लेण्यात डावीकडे महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, बुद्ध कुशीवर पहुडलेले. लांबी साधारण सात मीटर. ५० मध्ये ती अख्खी बसवायची तर १५-१६ मीटर मागं जावं लागतं. मागं काय आहे? दोन ढांगांवर खांब. मी शेवटी पायाचा, पोटाचा आणि चेहऱ्याचा असे तीन फोटो काढून आलो. १८ वर तीच मूर्ती साडेपाच-सहा मीटरवरून येते, थोडं तिरपं उभं राहिलं की झालं.

आता अंधाराचं. एफ १.८ ला प्रकाश जास्त येतो हे खरंच. पण तुमच्या ५० मध्ये स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही आणि २००डीच्या बॉडीतही नाही. हात हलल्याचं फोटोत दिसू नये म्हणून शटर १/८० सेकंदाहून जास्त वेळ उघडं ठेवायची सोय नाही. १८-५५ मध्ये स्टॅबिलायझर आहे. २४ च्या आसपास ठेवून, श्वास रोखून, कोपर बरगडीला टेकवून १/८ ला आरामात फोटो येतो. हिशोब करा: १८-५५ च्या एफ ४ ला १.८ च्या एक पंचमांश प्रकाश, पण शटर दहापट वेळ उघडं. म्हणजे जिला आपण किट लेन्स म्हणून नाक मुरडतो तिच्यातून दुप्पट प्रकाश आत येतो. पहिल्या लेण्यातल्या चित्रातला पद्मपाणी दीड हजार वर्षं हललेला नाही, १/८ सेकंदात काय हलणार?

माणसं मात्र हलतात. सासूबाई लेण्यात चालत असतील तर त्या फोटोत पुसट होणार, हे धरून चला.

गोरेवाडा_गेट

१०-१८ का नको? कैलाससाठी त्याहून भारी काही नाही. लोणारला तर हवीच, पावणेदोन किलोमीटरचं विवर आहे ते! बाकीच्यासाठी फोन आहेच की. (५५-२५० घरीच ठेवा, ती ताडोबाला कामी येईल.)

कडेलोट

लोणारच्या काठावर उभं राहिलात तर १० मध्येही अख्खं विवर येत नाही, आणि जेवढं येतं त्यात पाणी बशीएवढं दिसतं. त्यापेक्षा १८-५५ पस्तीसवर लावायची, कॅमेरा उभा धरायचा, एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवून (म्हणजे सगळ्या फोटोंत उजेड सारखा येतो) डावीकडून उजवीकडे सात-आठ फोटो, प्रत्येकात मागच्याचा तिसरा हिस्सा यायला हवा. घरी कॉम्प्युटरवर जोडा. लोणार गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर चुकवू नका, छताकडे बघा.

१०-१८ वाईट नाही. पण तिच्यात माणसाचा फोटो जवळून काढला की नाक पुढे आणि कान मागे जातात. सासूबाई परत बोलणार नाहीत.

तर्रीवाली

तीन दिवस गायब होते, कारण दोन प्रयोग केले.

एक. पचमढीचे ६१४ फोटो काढून बसले आणि प्रत्येक किती एमएमला काढलाय ते पाहिलं. ५५-२५० चे फक्त ४०, त्यातले ३१ माकडांचे. तिचं ओझं मी माकडांसाठी वाहिलं! ५० चे फोटो सुंदर आहेत, पण जवळजवळ सगळे हॉटेलच्या व्हरांड्यात चहा पितानाचे. सर्वात जास्त १८ ते ३० मधले. मी स्वतःला ५० वाली समजत होते. निघाले भलतीच.

दोन. रात्री सगळे दिवे घालवून देवघरात फक्त समई लावली आणि बाळकृष्णाचे फोटो काढले. ५० ने १/८० ला आयएसओ (उजेड कमी असला की वाढवायचा आकडा, जितका कमी तितका फोटो स्वच्छ) ३२०० लागला. १८-५५ ने २४ वर, १/८ ला १६००. कडेलोट, तुमचा हिशोब बरोबर निघाला. दहातले तीन हलले, पण सात अगदी स्वच्छ, बाळकृष्णाच्या हातातल्या लोण्याच्या गोळ्याची कडासुद्धा दिसते. सासूबाई मध्येच "लाईट गेली का गं?" म्हणत आल्या, तो फोटो अर्थातच भुतासारखा आलाय. तोच त्यांना सर्वात आवडला.

एक कोडं मात्र सुटत नाही. १८-५५ च्या फोटोंत ज्योत दोनदा दिसते. एक जागच्या जागी, दुसरी फिकट, समोरच्या कोपऱ्यात आणि उलटी.

कडेलोट

लेन्सवर फिल्टर लावलाय का?

तर्रीवाली

हो, सीताबर्डीवर लेन्सबरोबर दुकानदारानं "संरक्षणासाठी" म्हणून गळ्यात मारला होता.

कडेलोट

काढा तो. ज्योतीचा उजेड सेन्सरवरून परत फिरतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो, म्हणून उलटं प्रतिबिंब. लेण्यांतही दिवे असतात, तिथे हेच होईल. संरक्षणाला हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारी कड) लावा. आणि फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ फाइल) काढा. त्या दिव्यांत रंगांचा काही भरवसा नसतो, घरी येऊन सुधारता येतात.

महालकर

चला, ५० हरली. पण ताई, तुमची ५० असून असून १६० ग्रॅम. पर्समध्ये टाकली तर दादांना काय कळते?

तर्रीवाली

मोह नका घालू हो. ह्यांनी बॅग तपासायचं जाहीर केलंय, पर्ससकट. १८-५५ न्यायचं ठरलं, फिल्टर काढला, हूड शोधून राहिले. रविवारी पहाटे निघतो, दुपारी लोणार. सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, बुधवारी परत.

गोरेवाडा_गेट

थांबा थांबा! अजिंठा सोमवारी बंद असतं अन् वेरूळ मंगळवारी!

तर्रीवाली

अगं बाई. दोन्ही हॉटेलं ह्यांनी बुक केलीत. आता उलटं करायचं, सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. मी जेवणं झाल्यावर सांगते. आणि तेव्हाच ५० चाही विषय काढते.