शब्दचर्चा : अनिश्चितता कोणाची? घटनेची, मापाची की आपली?

मूळ प्रश्न

सध्या एका अभ्यासक्रमाचं मराठीकरण करते आहे. विषय 'अनसर्टन्टी'. भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, हवामान, कायदा, तत्त्वज्ञान अशा निरनिराळ्या शाखा तिचा अभ्यास कसा करतात, हे त्यात आहे. पहिली चार पानं सगळीकडे 'अनिश्चितता' लिहीत गेले आणि पाचव्या पानावर अडले.

फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांची फारकत केली. फाशाचं दान किंवा घरं जळण्याचं प्रमाण यांचा हिशेब मांडता येतो, ती जोखीम. कोणीच आजवर न केलेला धंदा चालेल का, याला आकडाच लावता येत नाही, ती अनिश्चितता. म्हणजे नाइटच्या लेखी मोजता आली की ती अनिश्चितता उरतच नाही. पुढचं प्रकरण मोजमापशास्त्राचं, आणि तिथे अनिश्चितता ही मोजायचीच गोष्ट! वाचणारा गोंधळणार नाही का?

'जोखीम'ही मला पूर्ण पटत नाही. प्रवासाला निघताना आजी सांगायची, "पिशवीत जोखीम आहे, नीट धर." म्हणजे दागिने. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतली जोखीम आणि ही जोखीम एकच का?

प्रतिसाद

ताई, मी कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मोजायची उपकरणं बरोबर दाखवतात का हे तपासण्याच्या कामात आहे. आमच्याकडे 'मापनातील अनिश्चितता' हा शब्द रुळलाय, तो कृपया बदलू नका. पण ती आणि 'त्रुटी' यांची गल्लत होऊ देऊ नका, ही कळकळीची विनंती. मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजायचं उपकरण) दर वेळी ०.००२ मिमी जास्त दाखवत असेल तर ती त्रुटी. ती कळली की वजा करायची, विषय संपला. वजा केल्यावरही खरं माप नेमकं कुठे आहे हे छातीठोक सांगता येत नाही, फक्त पट्टा सांगता येतो. दाखल्यावर आम्ही १०.००० ± ०.००३ मिमी असं लिहितो आणि शेजारी विश्वासपातळी, म्हणजे खरं माप त्या पट्ट्यात असल्याची खात्री किती ते देतो, बहुतेक वेळा सुमारे ९५ टक्के. हा ± म्हणजे अनिश्चितता. १९९३ साली याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका निघाली, त्यानंतर जगभर हिशेबाची एकच रीत झाली. गिऱ्हाईक मात्र तो ± पाहून विचारतं, "म्हणजे तुमचं मशीन चुकतं का?" दोष शब्दाचा आहे. 'अनिश्चित' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'बेभरवशाचं' ऐकू येतं.

प्रतिसाद

भौतिकशास्त्र शिकवतो. हायझेनबर्ग या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाच्या १९२७ च्या तत्त्वाला पाठ्यपुस्तकात 'अनिश्चितता तत्त्व' म्हणतात, पण वरच्या मायक्रोमीटरशी त्याचं नातं नाही. इलेक्ट्रॉनचं स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) दोन्ही एकाच वेळी हवे तितके नेमके नसतातच, असा त्याचा प्रचलित अर्थ आहे. उपकरण सुधारून भागत नाही. जर्मन लोक याला 'उन्शेर्फं' म्हणतात, म्हणजे धारदार नसणं, फोटो हलल्यावर कडा पुसट होतात तसं. मी वर्गात 'अनिर्धार्यता' वापरतो. जड आहे, कबूल.

प्रतिसाद

न्यायदर्शनाने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेने, सोळा पदार्थ (विचाराचे विषय) मानले, त्यांत 'संशय' एक आहे. नेहमीचं उदाहरण म्हणजे संधिप्रकाशात दूर काहीतरी उभं दिसतं, तो खांब की माणूस? उंची दोघांची सारखी, ती दिसते. माणसाचे हातपाय किंवा खांबाच्या लाकडातली ढोली दिसत नाही. दोन्ही पर्याय मनात उभे आहेत, पण निवाडा करणारी खूण नाही. नुसत्या अज्ञानाला नैयायिक संशय म्हणत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्याला खांबही माहीत नाही आणि माणूसही, त्याला संशय येणारच नाही.

अडचण अशी की मराठीत 'संशय' पोलीस ठाण्यात गेला (संशयित आरोपी, संशयास्पद हालचाली) आणि 'शंका' शाळेत राहिली. त्यामुळे संशय हा शब्द उसना घेता येणार नाही. कायद्यात मात्र 'संशयाचा फायदा' टिकून आहे. तिथला एक बारकावा घ्याच. १८७२ च्या पुरावा कायद्याने तीन अवस्था मानल्या: शाबीत झालं, खोटं शाबीत झालं, आणि दोन्हीपैकी काहीच शाबीत झालं नाही. २०२३ च्या नव्या अधिनियमातही त्या तिन्ही आहेत.

प्रतिसाद

शेती करतो, हवामान खात्याचं पत्रक रोज वाचतो. त्यातलं 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे थोडा पाऊस नव्हे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, असा त्याचा अर्थ. पडेल तिथे धो-धोही पडेल. एप्रिलमध्ये मान्सूनचा पहिला अंदाज येतो तो देशभराच्या सरासरीचा, पाच टक्के कमी-अधिक धरून. 'सामान्य' म्हणजे दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के. माझ्या शिवारात काय होईल ते त्यात नसतंच. पण 'अंदाज' या शब्दात तो ± ऐकूच येत नाही, म्हणून लोक दरवर्षी "अंदाज चुकला" म्हणतात. हवामान खात्याच्या पुण्यातल्या सिमला ऑफिसपासून आमच्या पारापर्यंत येता येता ± गळून जातो. भाषांतरात तो गळू देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचताना एक लक्षात आलं. मी नामं शोधत बसले होते, आणि मराठी हा भेद क्रियापदात करते.

दारात चपला दिसल्या की आपण म्हणतो, "बाबा आले असावेत." चपला पाहिल्या नाहीत, नुसते सात वाजले, तर "आले असतील." पहिल्यात खूण हाती आहे, दुसऱ्यात सवयीवरून बांधलेला तर्क. "येतील" म्हटलं की घटनाच अजून घडायची आहे. आणि "आले की नाही कोण जाणे" म्हणजे नाइटची अनिश्चितता! फाशाचं दान पडून वाटीखाली झाकलं, तर ते 'पडलं असेल'. अजून हातात खुळखुळतंय, तर 'पडेल'. तज्ज्ञ लॅटिन आणि ग्रीक शब्द घेऊन अनिश्चिततेचे जे दोन प्रकार करतात, घटनेतली आणि ज्ञानातली, ते याच दोन क्रियापदांत बसतात.

तेव्हा सध्या असं ठरवतेय. मोजमापात 'मापनातील अनिश्चितता', भौतिकीत 'अनिर्धार्यता', गणितात दहावीच्या पुस्तकातलीच 'संभाव्यता'. नाइटसाठी 'जोखीम' आणि 'बेहिशेबी अनिश्चितता'. 'बेहिशेबी'ला काळ्या पैशाचा वास येतोय, पण 'अगणनीय' लिहिलं तर 'अगणित' वाचलं जाईल.

प्रतिसाद

आमच्या घरी 'आले असतील' दोन्हीकडे चालतं, चपला दिसोत न दिसोत. तेव्हा हा नियम सरसकट मांडू नका. आणि 'बेहिशेबी' नको. 'हिशेबाबाहेरची अनिश्चितता' कसं वाटतं?

मूळ प्रश्नकर्ती

घेतलं. पाचवं पान आज पुन्हा लिहिते.