सराफाच्या दुकानात गावठी कट्टा निघाला, तर बाहेरच्यांनी काय करायचं?

रिकामटेकडा: 'बघे मेले होते का?' या धाग्यावर प्रतिसाद द्यायला बसलो, लांबला, म्हणून वेगळा काढतोय. तिथे म्हटलंय, चौघे कट्टे घेऊन सराफाकडे शिरले, बाहेर ही गर्दी, एकानेही हात उचलला नाही, म्हणजे समाज षंढ झाला. अहो, कट्टा गावठी असला तरी गोळी लागतेच. सोन्याचा विमा असतो. विमा माझाही आहे, पण तो मी गेल्यावर बायकोला मिळणार. 2011 ला मुंबईत अंधेरीच्या अंबोलीत छेडछाड करणाऱ्यांना हटकलं म्हणून दोन तरुण पोरांना भोसकलं. मारेकऱ्यांना जन्मठेप झाली 2016 ला. पोरं परत आली का?

मावळा: उदाहरण तुमच्यावरच उलटलं. ती पोरं गेली कारण बाकीचे बघत बसले. ओंबळेंनी कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरली होती.

रिकामटेकडा: ओंबळे पोलीस होते, ड्यूटीवर होते. आणि अशोकचक्र मरणोत्तर मिळालं, हे सोयीस्कर विसरलात.

काळाकोट: दुसऱ्याच्या जिवाचाच काय, मालाचाही बचाव करता येतो. जबरी चोरीत गरजच पडली आणि चोर मेला, तरी बचावाचा हक्क राहतो. जुन्या भारतीय दंड विधानात (भादंवि) कलम 97 आणि 103, आता भारतीय न्याय संहितेत 35 आणि 41. मात्र धरून खांबाला बांधल्यावर हात साफ केलेत, तर आरोपी तुम्ही.

घाटावरची: कलमं राहू द्या, साक्षीचं बोला. माझ्या मामांनी पतसंस्थेत शिरलेल्या चोराला स्टूल फेकून मारलं. मनगटाला टाके पडले, ते भरले. पण नंतर? समन्स आलं की एसटीने तालुक्याला जा, वकील गैरहजर, पुढची तारीख. आरोपीचा भाऊ कँटीनमध्ये समोर येऊन बसायचा, "काय मामा, तब्येत बरी ना?" शेवटी मामांनी 'नीट आठवत नाही' सांगून टाकलं.

मावळा: म्हणजे फितूर झाले.

घाटावरची: तोंड सांभाळा. स्टूल त्यांनी फेकलं, तुम्ही कीबोर्ड बडवताय.

सही_करू_नका: ताई, मी तर नुसता पंच, पंचनाम्यावर सही करणारा. पानटपरीवर उभा होतो, हवालदार म्हणाला, "साहेब, दोन मिनिटं." दोन मिनिटांची सही, वर्षानुवर्षं निस्तरतोय. कोर्टात जप्तीच्या मालाचं सीलबंद पाकीट दाखवून विचारतात, ही सही तुमचीच का? आता रस्त्यात पोलीस दिसले की फुटपाथ बदलतो.

काळाकोट: साक्षीदार संरक्षण योजना 2018 ला सुप्रीम कोर्टाने मंजूर केलीय. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो.

घाटावरची: वा! कँटीनचा चहा कितीला ते मामांना तोंडपाठ झालं, पण ही योजना एकाही काळ्या कोटाने सांगितली नाही.

काळाकोट: प्रकरण 2018 च्या आधीचं असेल तर कशी सांगणार?

घाटावरची: नंतरचंच आहे.

मावळा: मूळ विषयावर या. कट्ट्यावर धावून जाऊ नका, मान्य. निदान बाहेरून शटर तरी ओढाल?

रिकामटेकडा: म्हणजे आत सराफ, काउंटरवरच्या पोरी आणि चार कट्टे एकत्र कोंडायचे. धन्य! लांब व्हा, गाडीचा नंबर टिपा, 112 लावा.

मावळा: बरं बाबा, लावतो 112. नंबर टिपला की साक्षीला बोलावणारच, तेव्हा घाटावरच्या ताईंच्या मामांना सोबत नेतो.