उद्यानाच्या आरक्षणावर क्रीडा व विरंगुळा केंद्र बांधता येते का? मदत हवी आहे

आमच्या प्रभागातील महापालिकेच्या उद्यानात बॅडमिंटन सभागृह, व्यायामशाळा आणि ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र अशी एकत्रित दुमजली इमारत प्रस्तावित असून, मंजूर विकास आराखड्यात या भूखंडावर ‘उद्यान’ हेच आरक्षण आहे. शहर मुंबईबाहेरचे असून येथे यूडीसीपीआर 2020 (राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली) लागू आहे. केंद्राला आमचा विरोध नाही, पावसाळ्यात मुलांना खेळायला छप्पर हवेच. मात्र नियोजित जागेवरील जुन्या कडुनिंबांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगाने क्रमांक पडले आहेत आणि कामाचा फलक मात्र अद्याप कुठेही दिसत नाही.

प्रभाग कार्यालयात ‘मंजुरी आहे’ एवढेच तोंडी उत्तर मिळाले. माहिती अधिकारात मंजूर नकाशा, निविदा आणि वृक्ष प्राधिकरणाचा निर्णय मागितला आहे. 30 दिवसांची मुदत अजून संपायची आहे. न्यायालयात जाण्याचा तूर्त विचार नाही.

अशी इमारत उद्यानाच्या आरक्षणात पूरक वापर म्हणून थेट बांधता येते, की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 नुसार हरकती व सूचना मागवून आरक्षणात फेरबदल करावा लागतो? थेट बांधता येत असल्यास, किती क्षेत्र व्यापता येते हे नियमावलीच्या कोणत्या तरतुदीत पाहावे?