मदत हवी आहे: अंगावर पाजताना दिवस मोजून भागेल का?

मैत्रिणींनो, बाळ आठ महिन्यांचं आहे. अंगावर पितं, पण आता नाचणीसत्त्व, मऊ भातही खातं. पाळी परत सुरू झालीय, पण नेम नाही; एकदा महिन्याच्या आत आली, एकदा दीड महिना लोटला. एवढ्यात दुसरं मूल नकोय.

सासूबाई म्हणतात, पाजतेस तोवर काही होत नाही. मला हे पटत नाही. बाळ 6 महिन्यांच्या आत, फक्त अंगावरचं दूध आणि पाळी अजून न आलेली, या तिन्ही गोष्टी असतील तरच तो भरवसा धरायचा असतो. माझ्या बाबतीत तिन्ही संपल्या.

नवऱ्याचं म्हणणं, पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून 8 ते 19 हे दिवस टाळूया. पण तो हिशोब पाळी 26 ते 32 दिवसांनी नियमित येणाऱ्या बाईसाठी. बीज पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी सुटतं, आणि ती पाळी कधी येणार हेच मला ठाऊक नाही! त्यात शुक्राणू 5 दिवसांपर्यंत जिवंत राहतात. मग सुरक्षित दिवस धरायचे कुठून?

सध्या निरोध वापरतोय. आशाताईंनी छाया गोळी सुचवलीय: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. हार्मोन नसल्याने पाजताना चालते म्हणाल्या. पण तिने पाळी आणखी लांबते असं ऐकलंय, मग दर वेळी धास्तीच. की तांबी बसवून घेऊ?

पाजत असताना यातलं काही वापरलेल्या कुणी आहात का? तांबीने अंगावरून जास्त जातं का, किती महिने? डॉक्टरांकडे जाणारच आहे, त्याआधी तुमचा अनुभव कळला तर नीट विचारता येईल.