अनुभव धागा : पुण्यातली थंडी आणि घरातली चिल्लीपिल्ली

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला, सोलरचं पाणी सकाळी कोमट यायला लागलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'कुणाकडे दोन वर्षांच्या बाळाला होईल असं स्वेटर पडून आहे का?' असा मेसेज आला, की पुण्यात थंडी आली म्हणायची. घरात सहा-सात वर्षांखालचं पोर आहे (किंवा होतं) अशा सगळ्यांनी इथे लिहा. कोणते सण कसे करता, काय गळालं, पोरांनी स्वतःहून काय सुरू केलं. पाककृती द्यायची तर द्या, पण मुलांनी ती खाल्ली का, हेही लिहा. मुलांची नावं आणि फोटो नकोत.

सुरुवात मी करते. आमच्याकडे थंडी किल्ल्यावर येते. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे किल्ला बाल्कनीत. माती नर्सरीतून पोत्याने, चित्रं कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून. उतारावर अळीव पेरले की चार-पाच दिवसांत हिरवंगार होतं. दिवाळी संपली तरी लेक किल्ला मोडू देत नाही. गेल्या वर्षी एका सकाळी बघते तर सिंहासनावरचे महाराज आणि दारावरचे दोन्ही मावळे पायमोज्यात घातलेले, फक्त डोकी बाहेर. तुळशीचं लग्न लागेपर्यंत ते तसेच होते. मग बाबाने माती कुंड्यांमध्ये भरली, तोही समारंभच झाला.

आंबेगाव, दोन मुलींचा बाबा, मूळचा अमरावतीचा

पुणेकरांनो, रागावू नका, पण बारा अंशांना तुम्ही लोक माकडटोप्या काढता! गंमत सोडा, इथली खरी अडचण वेगळी आहे. सकाळी दहा-बारा अंश आणि दुपारी तीसच्या आसपास. धाकटी सकाळी स्वेटर, जाकीट, टोपी अशी गुंडाळून जाते आणि दुपारी हाफ बाह्यांमध्ये घामाघूम परत येते. उरलेला ऐवज शाळेत, व्हॅनमध्ये किंवा कुणा मैत्रिणीच्या दप्तरात. आता आम्ही एकच जाड स्वेटर न देता दोन पातळ थर घालतो. आत सुती बनियन, वर साधं फ्लीसचं जाकीट, तेही पुढून चेनचं. डोक्यावरून ओढायचा स्वेटर म्हणजे सकाळी सव्वासहाला भांडण.

सव्वासहा म्हणजे काळोखच. जानेवारीत सूर्य उगवतो सात वाजून गेल्यावर. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा सरकारी निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला, तेव्हा बायकोने पेढे आणले होते. पेढे संपले, व्हॅन अजून पावणेसातलाच येते. पण एक मान्य करतो, त्या अंधारात गेटपाशी उभं राहून तोंडातून वाफ काढायची स्पर्धा चालते आणि मोठी रोज हरते म्हणून रडते. हा आमचा हिवाळा.

सहकारनगर, आजी

आमच्या वेळी वाड्यात बंब पेटायचा. पोरं त्याच्याभोवती गोळा. नातीसाठी मी तेल लावणाऱ्या मावशी लावल्या आहेत. आंघोळीनंतर शेगडीवर ओवा आणि वावडिंगाची धुरी देत असू, ती मात्र सूनबाई देऊ देत नाही. मी गप्प बसते, पण पटलेलं नाही. तुमच्याकडे देतात का कुणी?

कोंढवा, दोन मुलांची आई, पेशाने डॉक्टर

आजी, सूनबाईंच्या बाजूने बोलते, माफ करा. तेलाला काहीच हरकत नाही, हलक्या हाताने लावलेलं बाळालाही आवडतं. धूर मात्र नको. लहान बाळाच्या श्वासनलिका अरुंद असतात, ओव्याचा असो की उदाचा, धूर तो धूरच. आणि कोळशाची शेगडी दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत ठेवणं तर सगळ्यांनाच धोक्याचं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे कळतही नाही. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहून, मोठ्यांच्या पाठीला शेकायला ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको.

सहकारनगर, आजी

बरं. पुरचुंडी ठेवते. आजोबांना लागेलच.

कोथरूड, दीड वर्षाच्या मुलीची आई

बोरन्हाणाबद्दल लिहिते, कारण यंदा ते करताना नाकी नऊ आले. संक्रांत ते रथसप्तमी एवढ्यातच करायचं. संक्रांत सूर्यावर चालते आणि रथसप्तमी तिथीवर, म्हणून हे अंतर दर वर्षी बदलतं. २०२५ मध्ये रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, चांगले तीन शनिवार-रविवार मिळाले असते. २०२६ मध्ये २५ जानेवारीलाच, म्हणजे १७-१८ आणि २४-२५ एवढेच. सोसायटीचा छोटा हॉल दोन्ही वेळा आधीच कुणीतरी घेतलेला, त्यांच्याकडेही बोरन्हाणच! शेवटी गच्चीवर सतरंजी टाकली. ते बरंच झालं, ऊन होतं.

काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुट. मुकुट तीस सेकंद टिकला. सासूबाईंनी औक्षण केलं आणि बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, गोळ्या असं सगळं मापट्यात घेऊन डोक्यावरून ओतलं. बाळ रडेल म्हणून आम्ही सगळे तयारीत. ती रडली नाही, तिने खालून एक करवा उचलला आणि तो सोडलाच नाही. भोवतालची पोरं लुटायला तुटून पडली आणि आमची उत्सवमूर्ती मध्ये बसून ऊस चोखते आहे. मामा म्हणाला, ही खरी कोल्हापूरची भाची.

एक सूचना, वरच्या डॉक्टरबाईंना विचारूनही घ्या. लुटायला येणारी मुलं दोन-तीन वर्षांचीही असतात आणि शेंगदाणे, टणक गोळ्या, बोरांच्या बिया त्यांच्या घशात अडकू शकतात. आम्ही गोळ्यांऐवजी चुरमुरे वाढवले, कुरमुऱ्यांचे लाडू ठेवले, शेंगा सालासकटच टाकल्या आणि प्रत्येक लहानग्यामागे एक मोठं माणूस बसवलं. काटेरी हलवा फक्त दागिन्यांत.

कोंढवा, डॉक्टर

अगदी बरोबर. पाच वर्षांखालच्यांना अख्खे शेंगदाणे नकोतच. कूट करून द्या.

गुरुवार पेठ, तीन वर्षांच्या मुलाचा बाबा

आम्ही मराठी ख्रिस्ती, पंचहौद चर्चच्या शेजारी राहतो. आमचा फराळ डिसेंबरात. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, सगळं तेच, फक्त दीड-दोन महिने उशिरा. समोरच्या काकू दिवाळीत ताट पाठवतात, आम्ही नाताळात. ते ताट रिकामं परत जात नाही, हा आईचा नियम. त्यामुळे एकच स्टीलचं ताट वर्षभर जिन्यात फिरत असतं आणि आता मूळचं कुणाचं यावर दोन्ही घरांत मतभेद आहेत.

लेकाचं काम गव्हाणी मांडायचं. मेंढ्या आहेत, मेंढपाळ आहेत, या वर्षी त्याने एक डायनोसोर आणि पीएमटीची बसही ठेवली. (पीएमपीएमएल म्हणायला हवं, पण घरात अजून पीएमटीच.) बाळ येशूला बघायला सगळे कसे येणार, असा त्याचा बिनतोड सवाल. चांदणी लावायला गेलो तर काकूंचा आकाशकंदील अजून तिथेच. त्यांनी तो मुद्दाम ठेवला होता, कारण आमचा हट्टी दोन्ही दिवे शेजारीशेजारी हवेत म्हणाला होता.

हडपसर, माहेर शिरूर तालुक्यातलं

हुरडा पार्टीला शहरातले लोक माणशी पैसे मोजून जातात, आमच्याकडे तो भावाच्या रानातला रविवार. गोवऱ्यांची आगटी, गुळभेंडी ज्वारीची कणसं, गरम असतानाच चोळायची. वडिलांच्या तळव्यांना काही वाटत नाही, माझे लाल होतात. सोबत लसणाची चटणी, दही, गूळ. माझ्या मुलाला हुरड्यात रस नाही, त्याला आगटीतली राख हवी. दोन्ही हात, कपाळ, कुत्र्याची पाठ, सगळं राखाडी करून बसतो. माझी आई त्याला ओरडत नाही. मला मात्र लहानपणी चांगले धपाटे मिळायचे, आणि ते खायचे नव्हेत.

सिंहगड रोड, मुलगी सात वर्षांची

भोगीची भाजी. वांगं, गाजर, पावटा, हरभरे, बोर, तीळ, सगळं घालून. 'न खाई भोगी तो सदा रोगी' म्हणून दाखवलं. लेक म्हणाली, मग मी आजारीच आहे, शाळेत नाही जाणार. तिळाची भाकरी आणि लोणी मात्र दोनदा मागितलं.

मांजरी, जुळ्यांची आई

मुळा-मुठेच्या काठी कवडीपाटला डिसेंबर-जानेवारीत एकदा तरी जा. चक्रवाक हिमालयापलीकडून येतात, नारिंगी रंगाची मोठी बदकं, दुर्बीण नसली तरी दिसतात. सूर्य उगवताना पोचायचं, नदीवर धुकं असतं. नदीची अवस्था सांगत नाही, मुलांनीच विचारलं, 'एवढ्या लांबून येऊन ते या घाणीत का बसतात?' उत्तर मला देता आलं नाही. थर्मासमधलं गवती चहाचं दूध आणि मेथीचे ठेपले संपेपर्यंत थांबलो. तेव्हापासून दोघं आंघोळीच्या बादलीत चक्रवाक होतात आणि बाहेर यायला नकार देतात.

वारजे, पहिलंच बाळ, आठ महिन्यांचं

हलव्याचे दागिने तयार घ्यावेत की करून? आणि माप कसं द्यायचं?

सहकारनगर, आजी

तुळशीबागेत तयार मिळतात, पण संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात जाऊ नकोस, पाय ठेवायला जागा नसते. बाळाला नेऊ नकोस. दोऱ्याने गळा, मनगट, डोकं मोज, गाठी मार आणि दोरा पिशवीत टाक. गळ्याचं माप दोन बोटं सैल घे. बाजूबंद बांधायला रिबीन लाव, रबर नको, वळ उठतात. आणि दागिने बाळाला चोखू देऊ नकोस, डॉक्टरबाई पुन्हा येतील.